मोटर न्यूरॉनचे ठोके अनियमित का? पेशीच तशी, की तिला येणारे निरोप तसे?

सतरंगी_सर्किट (धागाकर्ता)

मंडळी, मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. सध्या कामानिमित्त ईएमजी, म्हणजे स्नायूंतल्या विजेचे सिग्नल पाहतोय. स्नायूवर 64 इलेक्ट्रोडची जाळी चिकटवायची आणि त्या कालव्यातून एकेका मोटर न्यूरॉनचे (मज्जारज्जूतून स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशीचे) ठोके, म्हणजे विजेचे स्पंद, वेगळे काढायचे, असे अल्गोरिदम आता मिळतात. समोरचा माणूस बोटाने एकाच जोराने सेन्सर दाबून धरतो, पडद्यावर जोराची रेष जवळपास सरळ. पण त्यातल्या एका न्यूरॉनच्या लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं पाहिली तर 92, 118, 101, 87, 130 मिलिसेकंद. सरासरी 105 च्या आसपास, पण प्रत्येक वेळी इकडे-तिकडे.

आमच्याकडे असा ऑसिलेटर आला तर परत पाठवतात. माझं मत असं की पेशी मुळात नीट चालते, तिला मिळणारा इनपुटच खराब आहे. सहकारी म्हणतो, "जिवंत पेशी आहे, एवढी गडबड असायचीच." कोणाचं बरोबर? आणि ही गडबड कमी झाली तर हात जास्त स्थिर होईल का?

शेंगचटणी

शीर्षकात 'मोटर' वाचून धावत आलो. वायंडिंग जळलं असेल, कपॅसिटर बदला, असं लिहिणार होतो. आता बसून वाचतो.

डॉ_खवचट

सर्किटराव, तुम्ही पडद्यावर पाहता ते आम्ही रोज कानाने ऐकतो. ईएमजीच्या खोलीत स्नायूत बारीक सुई असते आणि यंत्राला स्पीकर असतो. पेशंटला म्हणायचं, "अगदी हलकं आवळा." मग एकच युनिट सुरू होतं: टप्... टप्... टप्, सेकंदाला पाचेक. आणखी थोडं आवळलं की त्याचा वेग दहाच्या आसपास जातो आणि दुसरं युनिट येऊन मिळतं. पण एकटंच युनिट विसाच्या पुढे पळतंय आणि सोबतीला कोणी येत नाही, असं ऐकू आलं की आम्ही सावरून बसतो. बाकीचे न्यूरॉन गेलेत, उरलेला एकटा राबतोय.

स्पीकर लावायची ही पद्धत एड्रियन आणि ब्राँक यांची, 1929 ची. एड्रियनना 1932 साली शेरिंग्टनबरोबर नोबेल मिळालं. आणि 'मोटर युनिट', म्हणजे एक न्यूरॉन आणि त्याच्या ताब्यातले सगळे स्नायुतंतू, ही कल्पना शेरिंग्टनकडची.

तुमच्या प्रश्नावर: स्वेच्छेने आवळलेल्या स्नायूतलं युनिट बऱ्यापैकी नियमित असतं. आकडे काढले तर विचलन सरासरीच्या 10 ते 20 टक्के. तुमच्या पाच अंतरांचं मी मनात 17 काढलं, म्हणजे माणूस ठणठणीत आहे. खरं अनियमित ऐकायचं असेल तर फॅसिक्युलेशन ऐका. पापणी फडफडते ना, त्या जातीचं. कधी येईल त्याचा नेमच नाही.

उपद्व्यापी_उमा

सर्किटकाका, तुमच्या बाजूने सज्जड पुरावा आहे. कॅल्विन आणि स्टीव्हन्स, 1967. मांजराच्या मज्जारज्जूतल्या मोटर न्यूरॉनमध्ये काचेची सूक्ष्मनळी घालून त्यांनी बाहेरून स्थिर करंट दिला, आणि अंतरांमधला चढउतार पेशीवर सतत पडणाऱ्या सिनॅप्सच्या (दुसऱ्या चेतापेशी जिथे निरोप देतात त्या सांध्यांच्या) लहान लहान धक्क्यांतून येतो हे दाखवलं. ठोका उडण्याची पातळी स्वतःहून हलत असेल ही शंका त्यांनी तपासली होती, पण गडबडीचा मोठा वाटा सिनॅप्टिक नॉइजचाच निघाला.

1995 मध्ये मेनेन आणि सेनोव्स्की यांनी उंदराच्या कॉर्टेक्समधल्या (मेंदूच्या वरच्या थरातल्या) पेशींवर उलट बाजूने तपासलं. खऱ्या सिनॅप्ससारखा वरखाली होणारा करंट तयार केला आणि तोच पुन्हा पुन्हा दिला. प्रत्येक वेळी ठोके जवळजवळ त्याच क्षणांना पडले, मिलिसेकंदाच्या हिशेबात. पेशी मनमानी करत असती तर हे झालं नसतं.

आता आतलं सांगते, कारण गंमत तिथेच आहे. ठोका उडाला की मोटर न्यूरॉनचं व्होल्टेज एकदम खाली जातं आणि सावकाश वर चढतं. कॅल्शियमवर उघडणाऱ्या पोटॅशियमच्या वाहिन्या हे करतात. संथ स्नायूंच्या न्यूरॉनमध्ये हा खड्डा शंभर मिलिसेकंदांहून जास्त टिकतो. खड्ड्याच्या तळाशी असताना बाहेरून किती का धक्के येईनात, ठोका उडत नाही. म्हणून ठोके एकमेकांना चिकटून पडत नाहीत आणि थोडीफार नियमितता आपोआप येते.

इनपुट भरपूर असेल तर व्होल्टेज खड्ड्यातून झपकन चढून उंबरठा, म्हणजे ठोका उडण्याची पातळी, पार करतं. चढ तीव्र असल्याने मधल्या धक्क्यांनी वेळ फारशी बदलत नाही. इनपुट जेमतेम असेल तर ते वर येऊन उंबरठ्याच्या अगदी खाली घुटमळत राहतं. मग एखादा अर्ध्या मिलिव्होल्टचा धक्का ठरवतो की ठोका आत्ता की आणखी चाळीस मिलिसेकंदांनी.

सतरंगी_सर्किट

उमा, हे वाचून उठून डेटा उघडला. सेकंदाला 7 ठोके देणाऱ्या युनिट्सचा पसारा 15 देणाऱ्यांपेक्षा खूपच जास्त आहे. आणि संथवाल्यांचा आलेख एका बाजूला झुकलेला, उजवीकडे लांब शेपूट. ती शेपूट म्हणजेच घुटमळणं?

उपद्व्यापी_उमा

तीच. पर्सन आणि कुडिना यांनी माणसांवर 1972 मध्ये हेच दाखवलं: एका वेगाच्या खाली गेलं की विचलन झपाट्याने वाढतं. तेव्हापासून 'अंतरांच्या आलेखावरून पेशीचा खड्डा किती लांब' याचा अंदाज लावण्याचा उद्योगच सुरू झाला. सुई पेशीत न घालता आतलं कळतं, म्हणून.

वरणफळं_आजी

मला एवढंच कळलं की माझा सुईत दोरा जात नाही तो माझा दोष नाही. पुढे लिहा पोरांनो, वाचते आहे.

कासवछाप

जरा काडी टाकतो. वर सगळे 'मोटर न्यूरॉन नियमित असतो' हे धरून चाललेत. बर्ग, अलाबुर्डा आणि हाउन्सगार्ड यांचं 2007 चं काम बघा. कासवाचा मज्जारज्जू, पाय खाजवण्याची प्रतिक्षिप्त हालचाल. तिथे मोटर न्यूरॉनवर उत्तेजक आणि शामक (ठोका दाबणारं) इनपुट एकाच वेळी वाढतात, आळीपाळीने नाही. दोन्ही जोरात, एकमेकांना जवळपास तोडीस तोड. निव्वळ बेरीज उंबरठ्याच्या खालीच राहते आणि ठोके उडतात ते फक्त चढउतारांमुळे. विचलन 17 टक्के वगैरे नाही, अंतरं अक्षरशः वेडीवाकडी. शिवाय एवढ्या वाहिन्या उघड्या असतात की पेशी गळक्या पिंपासारखी होते आणि तुमचा तो लाडका खड्डाही त्यात बुजून जातो.

तेव्हा 'पेशी मुळात नियमित' हे वाक्यच निरर्थक आहे. इनपुट काढून घेतलेली पेशी कोणाच्या शरीरात असते?

डॉ_खवचट

कासवछाप, माझे पेशंट कासव नाहीत. काही चालीवरून तसे वाटतात, ती गोष्ट वेगळी.

उपद्व्यापी_उमा

कासवछाप, काम उत्तमच आहे, पण तुम्ही दोन वेगळ्या अवस्था एका मापाने मोजताय. बोट दाबून धरणं म्हणजे सरासरी इनपुट उंबरठ्याच्या वर. ठोक्याचा वेग सरासरी ठरवते, धक्के फक्त वेळ पुढेमागे करतात. खाजवण्यात सरासरी खाली आणि कारभार धक्क्यांच्या हाती. तोच न्यूरॉन दोन्हीकडे जाऊ शकतो. शामक इनपुट वाढलं की पेशीची गळती वाढते, तिचा प्रतिसाद चपळ होतो, उंबरठा लांब राहतो आणि ठोके विस्कळीत होतात. म्हणजे तुमचं उदाहरणही काकांच्याच बाजूचं: ठोक्यांचा पोत इनपुट ठरवतो.

'इनपुटशिवाय पेशी कुठे असते' हा मुद्दा मात्र मान्य. मांजराच्या एका मोटर न्यूरॉनवर हजारो सिनॅप्स असतात, आणि शांत पडलेल्या मांजरातही ते गप्प नसतात.

कासवछाप

'पोत इनपुट ठरवतो' चालेल. 'गडबड' हा शब्द तेवढा काढा. शामक इनपुट ही काय गडबड आहे का!

गावठी_अर्क

अवांतर, पण तितकंही नाही. शामक इनपुट काढून घेतलं तर काय होतं हे कोकणात जुन्या माणसांना ठाऊक होतं. काजऱ्याचं झाड, म्हणजे कुचला. त्याची चपटी, बटणासारखी, रेशमी लव असलेली बी. त्यातलं स्ट्रिक्नीन मज्जारज्जूतल्या ग्लायसीनच्या ग्राहकांवर (निरोप पकडणाऱ्या जागांवर) बसून ते अडवतं. ग्लायसीन हाच तिथला 'थांब' सांगणारा मुख्य निरोप. तो पोचेनासा झाला की दार आपटल्याच्या आवाजानेही सगळं अंग ताठ होतं, उलटसुलट स्नायू एकाच वेळी आवळतात.

1904 च्या सेंट लुई ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन पाजलं होतं. तेव्हा ते चालायचं. शेवटी त्याला धड उभंही राहता येत नव्हतं.

डॉ_खवचट

अर्कसाहेब, छान. धनुर्वाताचं विष हेच काम एक पायरी आधी करतं. जखमेतून ते मोटर न्यूरॉनच्या टोकात शिरतं, आतल्या आत उलट्या दिशेने मज्जारज्जूपर्यंत चढतं, तिथे न्यूरॉन ओलांडून शेजारच्या शामक पेशीत जातं आणि ग्लायसीन बाहेर पडूच देत नाही. जबडा बहुधा आधी धरतो, तिथल्या नसांची वाट आखूड. त्या पेशंटच्या स्नायूत सुई घातली तर 'हलकं आवळा' आणि 'सोडा' यात फरकच नसतो, युनिट्स थांबायचं नाव घेत नाहीत.

आणि कोणी 'शोधित कुचला' (आयुर्वेदात शुद्ध करून वापरतात तो) घरी करून बघणार असेल तर: नका करू. यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा.

शेंगचटणी

हात स्थिर करण्याच्या धाग्यावर पहिला ठोस उपाय विष निघाला. चालू द्या.

ताशेवाला

इतका वेळ गप्प होतो. मला एक गोष्ट समजत नाहीये. एकेका न्यूरॉनचे ठोके 17 टक्के पुढेमागे, तरी सर्किटरावांच्या पडद्यावर जोराची रेष सरळ कशी? आमच्या पथकात पन्नास ढोल आहेत. एकेकट्याला वाजवायला लावलं तर हात कच्चेच, पण सगळे मिळून वाजवले की कोणाचं थोडं आधी, कोणाचं थोडं नंतर, ऐकणाऱ्याला ठोका भरीव लागतो. पण मी ताशावर लय ओढली तर पन्नासच्या पन्नास ओढले जातात, आणि ते पार चौकातल्या माणसालाही कळतं. असंच काही आहे का?

उपद्व्यापी_उमा

ताशेवाले, धाग्याचा अर्धा जीव तुम्ही एका परिच्छेदात पकडलात!

एका स्नायूला शंभराच्या घरात मोटर न्यूरॉन असतात. अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या उंचवट्यातल्या स्नायूचा अंदाज 120 च्या आसपास. प्रत्येकाच्या अंतरांमधली स्वतंत्र गडबड बेरजेत एकमेकांना खाते. वर स्नायू स्वतः सुस्त: एका ठोक्याचा झटका चढून उतरायला शंभर-दीडशे मिलिसेकंद लागतात, त्यामुळे जलद चढउतार तिथेच विरतात. उरतं ते सगळ्यांना एकत्र मिळालेलं, संथ इनपुट. डी लूका आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये दाखवलं की एका स्नायूतल्या युनिट्सचे वेग सेकंदाला एक-दोनदा, एकदमच वरखाली होतात. फारिना आणि नेग्रो यांनी नंतर हे गणिताने घट्ट केलं: जोराच्या रेषेतला थरथराट मुख्यतः या सामायिक संथ इनपुटचा असतो.

इनपुट सामायिक का असतं हेही सांगते. मेंडेल आणि हेनेमन यांनी 1971 मध्ये मांजराच्या पोटरीतली ताण मोजणारी एकच संवेदी नस घेतली. त्या स्नायूला तीनशेच्या आसपास मोटर न्यूरॉन, आणि ही एक नस जवळजवळ सगळ्यांवर जाऊन टेकलेली निघाली. प्रत्येकावर तिचा धक्का मिलिव्होल्टच्या दहाव्या भागाएवढा. एकट्याने ठोका उडत नाही, पण सगळ्यांना एकाच क्षणी तोच धक्का.

सतरंगी_सर्किट

म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, गडबड कमी केली तर हात स्थिर होईल का, याचं उत्तर 'कुठली गडबड त्यावर आहे'?

कासवछाप

पण एनोकांच्या गटाने 2005 मध्ये मांडलं होतं की हलक्या जोरात एकेका युनिटच्या अंतरांचा पसारा जास्त असेल तर जोरही जास्त हलतो. ते मोडीत काढायचं?

उपद्व्यापी_उमा

नाही. हलक्या जोरात मोजकीच युनिट्स चालू असतात, चार-पाच जणांची सरासरी फारशी गुळगुळीत होत नाही. आणि मोजलेल्या पसाऱ्यात सामायिक हेलकावाही मिसळलेला असतोच. काका, तुम्ही एक करून बघा. एकाच माणसाची सगळी युनिट्स घ्या, प्रत्येकाचा वेग गुळगुळीत करून एकावर एक ठेवा. एकत्र हलणारा भाग काढून टाकल्यावर जो पसारा उरेल तो स्वतंत्र. माझी पैज: जोराच्या रेषेशी जुळेल तो पहिला भाग.

नेम_धरून

कोल्हापूरकर, एअर रायफल. आमच्याकडे पोरं स्वप्नील कुसाळेंचं पॅरिसचं ब्राँझ बघून रेंजवर येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात, "सर, हात हलतोय, काय करू?" प्रशिक्षक म्हणतात, हात हलणारच, हाडांवर वजन टाक, स्नायूंवर नको. आता कळतंय का ते. स्नायू जितका जास्त आवळाल तितका थरथराट जास्त, असंच ना?

दुसरं, स्पर्धेच्या दिवशी हाच हात दुप्पट का हलतो? त्यासाठीच ती बंदी असलेली गोळी घेतात ना?

डॉ_खवचट

पहिल्याचं उत्तर हो. जोर वाढला की त्यातले चढउतारही वाढतात. 'सिग्नलबरोबर वाढणारा नॉइज' म्हणून हॅरिस आणि वोलपर्ट यांनी 1998 मध्ये त्यावर हालचालींचा अख्खा सिद्धांत उभा केला. तुमच्या प्रशिक्षकांनी तो न वाचता राबवलाय.

गोळी म्हणजे प्रोप्रॅनोलॉल. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू या पिस्तूल नेमबाजाची दोन पदकं तिच्यापायी गेली. ती नाडीही मंदावते, पण थरथरीपुरतं तिचं काम मुख्यतः खाली स्नायूत, अॅड्रेनॅलिन पकडणाऱ्या बीटा-2 ग्राहकांवर. दम्याचं सालब्युटामॉल ओढल्यावर हात कापतात ते हेच ग्राहक चेतवले गेल्यामुळे, आणि दमेकऱ्याने प्रोप्रॅनोलॉल घेऊ नये तेही त्याच जातीच्या ग्राहकांमुळे.

वर मज्जारज्जूत वेगळंच चालू असतं. घाबरल्यावर मेंदूच्या बुंध्यातून नॉरएड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन खाली येतं. मोटर न्यूरॉनच्या फांद्यांमध्ये एक टिकून राहणारा आतला करंट सुरू होतो आणि आलेलं इनपुट कित्येक पट मोठं होतं. तोच हेलकावा, आवाज वाढवून.

वरणफळं_आजी

डॉक्टर, माझ्या दोऱ्याचं राहिलं. वयाने होतं म्हणून सोडून द्यायचं का?

डॉ_खवचट

आजी, वयाप्रमाणे काही न्यूरॉन गळतात. त्यांचे पोरके तंतू शेजारचे न्यूरॉन दत्तक घेतात. मग एकेक युनिट मोठं होतं, त्याचा एकेक झटकाही मोठा, आणि बारीक काम अवघड जातं. सोडून मात्र देऊ नका. अगदी हलकी वजनं सावकाश उचलायचा आणि उतरवायचा सराव केला तर म्हाताऱ्या हातांची स्थिरता सुधारते, हे नीट तपासलेलं आहे. विश्रांतीत हात कापत असेल, किंवा एकाच बाजूचा, तर धाग्यावर विचारू नका, जवळच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

वरणफळं_आजी

कापत नाही. फक्त दोऱ्यापुरताच. अर्धा किलोची तूरडाळीची पिशवी चालेल का?

डॉ_खवचट

चालेल. उतरवताना घाई नको, खरं काम तिथे आहे.

सतरंगी_सर्किट

उमा, पैज जिंकलीस. एकाच माणसाचा डेटा आहे, त्यामुळे फार उड्या मारत नाही. युनिट्सचे वेग गुळगुळीत करून एकत्र हलणारा भाग काढला, तो जोराच्या रेषेबरोबर छान चालतो, थोडा आधी. उरलेल्या पसाऱ्याचा जोराशी काही संबंध दिसत नाही. सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणतो, ठीक आहे, पण त्या सामायिक हेलकाव्याचा उगम कुठे? मेंदूत, की त्या संवेदी नसांच्या (स्नायू ते मज्जारज्जू आणि परत) वेटोळ्यात?

कासवछाप

आता आलात रुळावर. 10 हर्ट्झच्या आसपासचा थरथराट असेल तर वेटोळं आणि रेनशॉ पेशी दोन्ही बघावी लागतील. मोटर न्यूरॉनची एक फांदी मागे वळून या पेशींना उठवते आणि त्या उलट मोटर न्यूरॉनलाच दाबतात. एक-दोन हर्ट्झच्या हेलकाव्यासाठी मी वरचंच दार ठोठावेन. नवीन धागा काढा, हा मोबाईलवर उघडायला वेळ घेतोय.

शेंगचटणी

नवीन धाग्याच्या शीर्षकात 'मोटर' ठेवा. मी परत येईन.